उलटी थांबवायची ती सुरू होण्याआधी

पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, असं सर्जननी सांगितल्यावर मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो उलट्यांचा. भूल उतरल्यावर उलट्या होतील का? ते थोडे चमकले. बहुतेक जण आधी दुखण्याबद्दल, टाक्यांबद्दल, कामावर कधी जाता येईल याबद्दल विचारत असावेत. पण माझ्या जमेला आधीची एक शस्त्रक्रिया होती. बीजकोशातली गाठ काढलेली, तीही दुर्बिणीतूनच. त्यातलं दुखणं मी आज जवळपास विसरले आहे. त्यानंतरची मळमळ मात्र अजून जशीच्या तशी आठवते.

त्या वेळी डोळे उघडले तेच तोंडाला पाणी सुटलेल्या अवस्थेत. मान वळवली की खोली फिरायची आणि पोटातून उमासा यायचा. पोटात काही नव्हतंच, त्यामुळे नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, आणि दर ओकारीला टाक्यांवर ताण. पाणी प्यावं तर तेही बाहेर. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच चाललं. मला मळमळीचं इंजेक्शन मिळालं ते बऱ्याच उलट्या होऊन गेल्यावर, आणि मिळालं ते "भुलीनंतर असं होतंच हो" या वाक्यासकट. शस्त्रक्रियेआधी याविषयी मला कुणी काही विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. लहानपणापासून मला गाडी लागते. घाटात तर हमखास.

"होतंच" हे वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं. आता त्याची कारणं माहीत आहेत म्हणून ते अजिबात पटत नाही. सर्वसाधारणपणे भूल दिलेल्या शंभरांपैकी तीसेक जणांना असा त्रास होतो. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही. आणि कुणाला होण्याची शक्यता जास्त आहे, हे माणूस टेबलावर जाण्याआधीच बऱ्यापैकी सांगता येतं.

ते मला सांगितलं भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी. शस्त्रक्रियेच्या आधी भुलीसाठीची तपासणी असते. हृदय, फुप्फुसं, तोंड किती उघडतं, दात हलतात का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे सगळं त्यात बघतात. मी खुर्चीत बसल्या बसल्या मागच्या वेळची हकिकत सांगायला सुरुवात केली. ताई सोबत होती. ती मला हळूच म्हणाली, "अगं, त्यांना आधी विचारू तरी दे." पण डॉक्टरांनीच तिला थांबवलं. "नाही नाही, बोलू द्या त्यांना. मला हेच ऐकायचंय."

मग त्यांनी बोटांवर मोजलं. बाई आहात, एक. सिगारेट ओढत नाही, दोन. गाडी लागते आणि मागच्या वेळी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या, हे दोन्ही मिळून तीन. शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी अफूच्या जातीचं औषध लागण्याची शक्यता आहे, चार. चारपैकी चार. ही पद्धत क्रिश्चन अ‍ॅपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडली, आणि आजही ती वापरली जाते ती तिच्या साधेपणामुळे. यातला एकही मुद्दा लागू नसेल तर त्रास होण्याची शक्यता साधारण 10 टक्के. एक असेल तर 20, दोन असतील तर 40, तीन असतील तर 60, आणि चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास कमी होतो हे ऐकून ताईच्या भुवया वर गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, ते खरं आहे, पण फुप्फुसांचं जे नुकसान होतं त्यापुढे या फायद्याला काही किंमत नाही.

वयाचाही संबंध असतो. पन्नाशीच्या आतल्यांना त्रास जास्त होतो. काही शस्त्रक्रियाही त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत: पोटाच्या दुर्बिणीतल्या, गर्भाशय-बीजकोशाच्या, आणि पित्ताशयाची तर आहेच. माझा हिशेब सगळीकडून वाईट बाजूला झुकत होता. तरीही तो आकडा ऐकून मला बरं वाटलं. मागच्या वेळच्या त्रासामागे माझा हळवेपणा किंवा नाजूकपणा नव्हता. तो चार प्रश्नांत आधीच दिसू शकला असता.

"आता हे थांबवायचं कसं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी नंतर वाचून पक्कं करून घेतलं, आणि मला वाटतं ते प्रत्येक रुग्णाला कळायला हवं. उलटी घडवून आणणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या भागात असतं. त्याच्याकडे इशारे निरनिराळ्या वाटांनी येतात. एक वाट रक्तातून. मेंदूचा बहुतेक भाग रक्तातल्या रसायनांपासून एका पडद्याआड सुरक्षित असतो, पण या केंद्राशेजारच्या एका छोट्या जागेत तो पडदा विरळ आहे. भुलीचे वायू, अफूजन्य औषधं यांची चाहूल त्या जागेला लगेच लागते. दुसरी वाट आतड्यांतून. आतड्यांच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाची लांबलचक नस तो निरोप वर पोचवते. तिसरी आतल्या कानातून, जिथे शरीराचा तोल सांभाळला जातो. गाडी लागते ती याच वाटेने. स्ट्रेचर वळताना, कूस बदलताना उमासा येतो तोही इथूनच. चौथी वाट मनातून येते: भीती, वास, मागची आठवण.

प्रत्येक वाटेवर निरोप नेणारं रसायन वेगळं, म्हणून अडवणारं औषधही वेगळं. डॉक्टर म्हणाल्या, "घराला चार दारं असतील तर एकाच दाराला तीन कुलपं लावून काय उपयोग? मी तुम्हाला वेगवेगळ्या गटांतली औषधं देणार, थोडी थोडी, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी." मागच्या वेळी मला एकच औषध मिळालं होतं आणि तेही उशिरा. उलट्यांचं चक्र एकदा सुरू झालं की ते मोडणं आधी अडवण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

मी विचारलं, मग ही सगळी औषधं सगळ्यांनाच का देत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते साध्या गणिताचं होतं. 2004 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामिथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी धोका प्रत्येकी साधारण 26 टक्क्यांनी कमी केला, म्हणजे जेवढा होता त्याच्या पाव हिश्शाने. दुसरं औषध जोडलं की उरलेल्या धोक्याचा पुन्हा पाव हिस्सा जातो. माझ्यासारख्या 80 टक्केवालीचा धोका एका औषधाने साठाच्या जवळ येतो, दोनांनी 45 च्या आत, तिनांनी तीसेकवर. ज्याचा धोका मुळातच 10 टक्के आहे त्याला तीन औषधं देऊन फार तर पाच-सहा टक्क्यांचा फायदा, आणि औषधांचे दुष्परिणाम मात्र पूर्ण. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं. 2020 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही एक-दोन जोखमीचे मुद्दे असलेल्या प्रौढांना दोन उपाय आणि त्याहून जास्त मुद्दे असतील तर तीन-चार उपाय, असंच सुचवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासातून पुढे आलेली. भूल कशी देतात यानेही फरक पडतो. वायू हुंगवून झोपेत ठेवण्याऐवजी शिरेतून सतत प्रोपोफॉल हे झोपेचं औषध दिलं तर धोका जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी होतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू टाळल्यानेही थोडा फायदा होतो. माझ्यासाठी डॉक्टरांनी प्रोपोफॉलच ठरवलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारं वेदनाशामक नियमित वेळेला, टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन, आणि अफूजन्य औषध अगदीच लागलं तर. मळमळ अडवण्याचा हा भाग रुग्णाच्या लक्षातच येत नाही, पण माझ्या मते तो गोळ्या-इंजेक्शनांइतकाच महत्त्वाचा आहे.

माझ्याकडूनही त्यांनी बरीच माहिती काढून घेतली. ईसीजी आधीच झाला होता, तो त्यांनी पुन्हा नीट पाहिला. ऑनडॅनसेट्रॉन आणि ड्रोपेरिडॉल हृदयाच्या विद्युत लयीतला एक टप्पा लांबवू शकतात, त्यामुळे तो आधीच लांब असेल तर जपावं लागतं. मधुमेह आहे का, हे विचारलं. डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड असल्याने एका मात्रेनेही साखर काही काळ वर जाते. काचबिंदू आहे का? मळमळ अडवायला कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीचा विचार करताना हे कळणं गरजेचं असतं. ती पट्टी आदल्या संध्याकाळी लावतात, तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते. मला ती नको असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. गर्भनिरोधक गोळ्या घेता का, हेही त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला अनपेक्षित होता. त्या मला अ‍ॅप्रेपिटंट देणार होत्या, मळमळ अडवायला, आणि त्या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. औषध घेतल्यावर पुढचे 28 दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते. हे कुणी सांगितलं नाही तर बाईला कळणार कसं? वाचणाऱ्या बायकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

उपाशी राहण्याबद्दलही माझा गैरसमज दूर झाला. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, असं मी धरून चालले होते. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत प्यायला चालेल, किंबहुना प्या, असं मला सांगण्यात आलं. शरीर कोरडं पडलं की मळमळ वाढते. अर्थात हे ज्याच्या त्याच्या भूलतज्ज्ञांनी सांगायचं. ज्यांचं पोट हळू रिकामं होतं त्यांच्यासाठी नियम वेगळे असू शकतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सिस्टरनी अ‍ॅप्रेपिटंटची 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर दिली. मनगटावर एक पट्टा बांधला, आतल्या बाजूला छोटं बटण असलेला. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधल्या जागी त्याचा दाब येतो. मला वाटलं, माझी समजूत काढायला काहीतरी देताहेत. पण या जागेवरच्या दाबाची अनेक चाचण्यांमध्ये पारख झाली आहे आणि तो उपयोगी पडतो असं दिसलेलं आहे. अपाय तर काहीच नाही.

आतलं मला फारसं आठवत नाही. हातात सुई, छातीवर चिकटवलेल्या तारा, डॉक्टरांचा आवाज. डेक्सामिथासोन मी झोपल्यावर देणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. जागेपणी ते भरकन शिरेत गेलं तर जांघेत आणि गुदद्वाराभोवती अचानक जळजळ, खाज सुटते, काही सेकंदांसाठी, पण माणूस दचकतो. त्याचा परिणाम यायला वेळ लागतो म्हणून ते सुरुवातीला. ऑनडॅनसेट्रॉनचा परिणाम लवकर येतो आणि काही तासांत ओसरतो, म्हणून ते शेवटाकडे, म्हणजे जाग येताना त्याचा जोर असतो. कुठलं औषध केव्हा, यामागे इतका विचार असतो हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं.

जाग आली. कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी हललेच नाही. मागच्या वेळची आठवण इतकी पक्की होती की मी तोंडात पाणी सुटण्याची वाट पाहत पडून राहिले. सुटलं नाही. घसा खवखवत होता, उजवा खांदा दुखत होता (पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं), बेंबीपाशी ओढ होती. पण पोट शांत होतं. सिस्टरनी विचारलं, "मळमळतंय का? शून्य ते दहात किती?" मी म्हटलं, "शून्य." आणि मला रडू आलं. त्या घाबरल्या, त्यांना वाटलं दुखतंय.

मळमळीलाही दुखण्यासारखा आकडा विचारतात, हे मला फार मोलाचं वाटलं. उलटी दिसते, मळमळ दिसत नाही. डोळे मिटून गप्प पडलेला माणूस शांत झोपलाय असंच सगळे समजतात.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. संध्याकाळी पोटातलं दुखणं वाढलं, नेहमीच्या वेदनाशामकांनी भागेना, तेव्हा अफूजन्य औषधाची छोटी मात्रा द्यावी लागली. त्यानंतर शौचालयात जायला उठून बसले आणि ती ओळखीची लाट आली. घाम, ढवळणं, तोंडात पाणी. ताईने बेल दाबली. सिस्टरनी आधी मला परत आडवं केलं, डोकं थोडं उंच, आणि सुई टोचताना वापरतात तो स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून खोल श्वास घ्यायला लावला. स्पिरिटच्या वासाने मळमळ थोड्या वेळासाठी का होईना उतरते, हेही अभ्यासून पाहिलेलं आहे. मला त्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटलं, लाट ओसरली नाही.

ताई म्हणाली, "सकाळचंच इंजेक्शन पुन्हा द्या ना." तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी समजावलं की ऑनडॅनसेट्रॉन देऊन सहा तास झालेले नाहीत. त्या वाटेवरचा पहारा अजून शाबूत आहे, तरी मळमळतंय, म्हणजे निरोप दुसऱ्या वाटेने येतोय. तेच औषध पुन्हा देण्यात अर्थ नाही. त्यांनी प्रोमेथाझिनची लहान मात्रा दिली, हे वेगळ्या गटातलं औषध. त्याने गुंगी येते, तशी ती मला आली, आणि उलटी न होता मी झोपले. मळमळीसाठी बरेचदा मेटोक्लोप्रमाइड देतात. त्याने काही जणांना, विशेषतः तरुण वयात, विलक्षण बेचैनी येते, पाय स्थिर राहत नाहीत, क्वचित मान-जबडा आखडतो. असं झालं तर "मला कसंतरीच होतंय" म्हणून गप्प न बसता लगेच सांगायचं, कारण त्यावर उतारा आहे.

दुसऱ्या दिवशी घरी सोडताना मी सुरुवातीलाच गाडीच्या प्रवासाबद्दल बोलले. बरेच जण रुग्णालयात ठीक असतात आणि घरी गेल्यावर त्यांना त्रास सुरू होतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच दिवशी घरी गेलेल्या रुग्णांपैकी 37 टक्क्यांना पहिल्या दोन दिवसांत मळमळ किंवा उलटी झाल्याचं आढळलं होतं. शिरेतली औषधं तोवर उतरलेली असतात आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतात. मला जिभेवर ठेवल्यावर विरघळणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनच्या गोळ्या दिल्या. त्यातली एक मी निघण्याआधी घेतली. पुढे बसले, नजर दूर रस्त्यावर ठेवली, खिडकी उघडी. प्रवास निभावला.

दुष्परिणाम झाले तेही सांगते. बद्धकोष्ठता झाली, चांगलीच. ऑनडॅनसेट्रॉनने ती होते, अफूजन्य औषधाने तर होतेच. पोटावर टाके असताना कुंथणं हा वेगळाच छळ आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यासाठीचं औषध मागून घ्यायला हरकत नाही. डोकं थोडं दुखलं. चेहरा लाल झाला आणि घरी पहिल्या रात्री झोप आली नाही, तो डेक्सामिथासोनचा प्रताप असावा. हे सगळं मी मागच्या वेळच्या एका तासाच्या ओकाऱ्यांच्या बदल्यातही आनंदाने घेतलं असतं. माझ्या एकटीचीच ही भावना नाही. 1999 मधल्या एका पाहणीत शस्त्रक्रियेनंतर काय अजिबात नको, याचा क्रम रुग्णांना लावायला सांगितला होता. उलटी सगळ्यांत वर आली, वेदनेच्याही वर.

जाण्याआधी मी भूलतज्ज्ञ डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेतलं: कोणती भूल दिली, मळमळीसाठी कोणती औषधं किती मात्रेत दिली, काय चाललं आणि रात्री काय द्यावं लागलं. पुढे कधी भूल घ्यायची वेळ आली तर समोरच्या डॉक्टरांना अंदाजावर काम करावं लागणार नाही. तो कागद फाइलमध्ये आहे आणि त्याचा फोटो माझ्या आणि ताईच्या मोबाइलमध्ये.

ताईच्या धाकट्याची तिरळेपणाची शस्त्रक्रिया पुढे ठरली आहे. मुलांमध्ये या शस्त्रक्रियेनंतर उलट्या होण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि मुलांचे प्रश्नही वेगळे असतात: वय तीन किंवा त्याहून जास्त आहे का, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाहून जास्त चालेल का, आणि मुलाला, त्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना भुलीनंतर कधी उलट्या झाल्या होत्या का. मावशीचा इतिहास त्यात धरत नाहीत. पण ताईला आठवलं की तिचे टॉन्सिल काढले तेव्हा आई रात्रभर तिच्या उशाशी भांडं घेऊन बसली होती. हे तिने तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलं आहे.